दुखण्याने काय नेलं?

माझी कंबर अकरा वर्षं दुखते आहे. या अकरा वर्षांत मी मोजायला शिकले. मुलुंडला घरातून निघताना पिशवीचं वजन मी कमरेने तोलते. पाण्याची बाटली अर्धीच भरलेली असते. धीम्या गाडीत कुणी सरकून चौथी सीट दिली तरी मी ती घेत नाही, कारण अर्ध्या बैठकीवर तोल सांभाळत घाटकोपरपर्यंत जाण्यापेक्षा उभं राहणं परवडतं. घाटकोपरला उतरल्यावर मेट्रोकडे धावणारी गर्दीची पहिली लाट मी पुढे जाऊ देते, कारण मागून बसलेला एक धक्का दिवसभराचा हिशेब बिघडवतो. अंधेरीला कचेरीत सलग किती मिनिटं बसता येईल, जेवणाच्या सुटीत खाली उतरायचं की नाही, संध्याकाळी भाजी आणायची की डाळभातावर भागवायचं, हे सगळं सकाळीच ठरलेलं असतं.

एवढी मोजदाद रोज करणाऱ्या बाईला दवाखान्यात एकच आकडा विचारला गेला. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचं किती?" मी "सात" म्हणाले. ते सात कागदावर गेलं. अर्धी बाटली, नाकारलेली सीट, डाळभात यांतलं काहीच कागदावर गेलं नाही. दोन महिन्यांनी मी पुन्हा "सात" म्हणाले, तेव्हा काही फरक नाही असं ठरलं आणि गोळी बदलली. खरं तर त्या दोन महिन्यांत मी रात्री सलग पाच तास झोपू लागले होते. ते कुणी विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं आहे हे मलाही कळलं नाही.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की, वर्षानुवर्षं चालणारं दुखणं मोजायचं असेल तर त्याने माणसाच्या दिवसातून आणि मनातून काय नेलं ते मोजलं पाहिजे. असं माप घेता येतं. त्याची साधनं गेली चाळीस-पन्नास वर्षं जगात आहेत, आणि त्यांतली काही मराठीतही आलेली आहेत. तरी दवाखान्यात, कचेरीत, कायद्यात आणि घरात आपण अजून एका आकड्यावरच भागवतो. त्या आळसाची किंमत दुखणारी माणसं भरतात.

शून्य ते दहाची पट्टी निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतर दर काही तासांनी औषध किती द्यायचं हे ठरवताना ती कामाला येते. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायला लावणं किंवा लहान मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे दाखवून त्यांतला एक निवडायला सांगणं, या युक्त्याही त्याच कामाच्या. पण ही साधनं त्या क्षणाच्या दुखण्यासाठी आहेत. तीन दिवसांत उतरणाऱ्या दुखण्याला क्षणाचं माप पुरतं. तीन वर्षं राहायला आलेल्या दुखण्याला ते पुरत नाही.

आकडा अपुरा पडतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वी कळलं होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखण्यासाठी वापरले जाणारे ७८ शब्द तिच्यात २० गटांत लावलेले होते. काही शब्द दुखण्याच्या जातीचे, काही त्यामुळे मनाला होणाऱ्या त्रासाचे, काही एकूण तीव्रतेचे. दुखणं हे एका पट्टीवर कमीजास्त होणारं प्रकरण नाही, त्याला जाती आहेत आणि मनाची बाजूही आहे, हे त्या कागदाने डॉक्टरांसमोर ठेवलं.

मेलझॅकने मराठी ऐकली असती तर त्याला आणखी गट करावे लागले असते. पिकलेल्या बोटात ठणका असतो. दाढ ठसठसते. पोटात कळ येते आणि जाते. कमरेपासून पोटरीपर्यंत सणक जाते. पाठीत उसण भरते, मान आखडते, खांद्याला रग लागते. तळवे भगभगतात, बोटांना मुंग्या येतात, भाजलेली कातडी हुळहुळते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जाणता डॉक्टर "मुंग्या येतात, तळवे भगभगतात" एवढं ऐकूनच मधुमेहाची आणि नसांची चौकशी सुरू करतो. "सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली असतात" हे ऐकून संधिवाताचा विचार करतो. "सात" या उत्तरातून त्याला यांपैकी काहीच कळत नाही. रुग्णाजवळ इतकी नेमकी भाषा असताना तिला आपण आकड्यात कोंबतो, आणि मग रुग्णाला नीट सांगता येत नाही असंही म्हणतो.

पण शब्दही अर्ध्याच वाटेपर्यंत नेतात. दुखणं कसं आहे हे ते सांगतात. त्या दुखण्यासकट माणूस कसा जगतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आधी दीर्घकाळचं दुखणं म्हणजे काय ते पाहायला हवं.

हात तव्याला लागला की दुखतं आणि हात मागे येतो. हे दुखणं राखणदार आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं मात्र दीर्घकालीन धरलं जातं, आणि त्यात पुष्कळदा राखणदारच बिघडलेला असतो. जखम भरते, सूज उतरते, तरी मज्जासंस्था सावधच राहते. साध्या हालचालीला, हलक्या स्पर्शालाही ती धोका समजू लागते. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतापासून हे हळूहळू स्पष्ट होत गेलं: शरीरातून आलेला संदेश मेंदूकडे जसाच्या तसा पोचत नाही, वाटेत तो कमी किंवा जास्त होतो, आणि भीती, लक्ष, थकवा, आधीचे अनुभव यांचा त्यात हात असतो. म्हणूनच दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत दुखण्याला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव म्हटलं आहे. शरीराला प्रत्यक्ष इजा झालेली असलीच पाहिजे अशी अट त्या व्याख्येत नाही.

आपल्याकडे याच्या अगदी उलट समजूत घट्ट बसली आहे. एमआरआयमध्ये दिसलं तर दुखणं खरं, नाही दिसलं तर खोटं. "मणक्यात गॅप आलाय", "चकती सरकलीय", "गुडघ्यातलं वंगण संपलं" ही वाक्यं उपनगरांतल्या प्रत्येक सोसायटीत ऐकू येतात, आणि ज्याच्याकडे असं वाक्य असतं त्याला निदान सहानुभूती तरी मिळते. परंतु कमरेचा काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जो आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. त्या सगळ्यांचं काहीच दुखत नव्हतं. म्हणजे फिल्मवर दोष दिसतो तरी दुखत नाही, आणि फिल्म साफ असली तरी दुखतं. फिल्म दुखण्याचं कारण शोधायला मदत करते. दुखण्याचं माप तिच्यातून निघत नाही.

मग माप निघतं कशातून? इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक निर्देशांक १९८० साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीसाठी तो आजही जगभर वापरतात. त्यात दहा भाग आहेत. पहिला दुखण्याच्या तीव्रतेचा, आणि उरलेले नऊ जगण्याचे: स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं, प्रवास. प्रत्येक भागाला शून्य ते पाच गुण, एकूण पन्नास, आणि दुप्पट केले की अडथळ्याचे टक्के. त्यातले पर्याय अगदी जमिनीवरचे आहेत. तासभर उभं राहता येतं, अर्धा तास, की दहाच मिनिटं? दोन तासांहून लांबचा प्रवास जमतो, तासाभराचा, की अर्ध्या तासाच्या आतलाच? बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या गाडीने तासाहून जास्त वेळ लागतो. प्रवासाच्या प्रश्नात "तासाच्या आत" या पर्यायावर ज्या बोरिवलीकराची खूण आहे, त्याच्यासाठी फोर्ट-चर्चगेटच्या बहुतेक नोकऱ्या त्या एका खुणेने बंद झाल्या. "सात" या आकड्याने ही गोष्ट कधीच सांगितली नसती.

या निर्देशांकाची मराठी आवृत्ती मराठी रुग्णांवर तपासून पाहिली गेली आणि ते काम २०१३ साली 'स्पाइन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. म्हणजे मराठीत साधन नाही ही सबब आता उरलेली नाही. मी स्वतः तो कागद पहिल्यांदा भरला तेव्हा माझे ५० पैकी २३ गुण झाले, ४६ टक्के. नियमित व्यायाम आणि झोपेची शिस्त यांनंतर सहा महिन्यांनी १६, म्हणजे ३२ टक्के. शून्य ते दहाच्या पट्टीवर मी दोन्ही वेळा सातच सांगितलं असतं. माझी कंबर तेवढीच दुखत होती, पण माझं आयुष्य मला थोडं परत मिळालं होतं. ज्या मापात हे परत मिळणं दिसत नाही, ते माप डॉक्टरला चुकवतं आणि रुग्णाला निराश करतं.

तरीही परक्या गावाचा प्रश्न नुसता भाषांतरित करून चालत नाही. गुडघ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या वोमॅक प्रश्नावलीत मोजे घालणं, बाथटबमध्ये उतरणं, मोटारीत चढणं-उतरणं असे प्रश्न आहेत. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणाऱ्या बाईला यांतला कोणता प्रश्न लागू पडतो? तिचे गुडघे सार्वजनिक शौचालयात उकिडवं बसताना, पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना, जमिनीवर बसून भाकरी थापताना बोलतात. या बाबतीत महाराष्ट्रातच झालेलं एक मोठं काम आपण विसरतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातल्या संधिवात केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास लोकांना असं दुखणं होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या तक्रारीला ठरावीक रोगाचं नाव देता आलं नाही. दवाखान्यात येतील तेवढेच मोजले असते तर ही माणसं कुठल्याच नोंदीत आली नसती. याच केंद्राने वोमॅक प्रश्नावलीही इथल्या राहणीला जुळवून घेतली. दारात जाऊन विचारायचं आणि त्या दारातल्या जगण्याचं विचारायचं, हे दोन धडे या कामाने घालून दिले आहेत.

मुंबईच्या उपनगरांनी त्या धड्यांत स्वतःचे प्रश्न घालायला हवेत. गाडी फलाटावर थांबते तेवढ्या वेळात चढता-उतरता येतं का? सीट मिळावी म्हणून उलट्या दिशेच्या गाडीत बसून यावं लागतं का, आणि त्यात रोजचा किती वेळ जातो? लिफ्ट बंद असली तर घरी पोचता येतं का? पंगतीत मांडी घालून बसता येतं का? गणपतीच्या आरतीला शेवटपर्यंत उभं राहता येतं का? वर हात करून कपडे वाळत घालता येतात का? नातवंडाला उचलून घेता येतं का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही यंत्राशिवाय दहा मिनिटांत मिळतात, आणि माणूस आपल्या जगण्यातून किती मागे सरकला आहे हे त्यातून दिसतं.

आता मनाकडे येते. इथे बोलताना जपावं लागतं, कारण "मनाचे खेळ आहेत" या वाक्याने दुखणाऱ्यांना फार छळलं आहे. दुखण्याच्या मानसिक परिणामाची चौकशी केली की रुग्णाला वाटतं, आपल्यावर संशय घेतला जातोय. प्रत्यक्षात ती चौकशी न करणं हाच अन्याय आहे. रात्री तीन वेळा जाग येणारा माणूस दिवसा चिडचिडा होतो. एकदा वाकताना उसण भरली की वाकण्याची भीती बसते, भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात, आणि पुढच्या वेळी अधिक दुखतं. या भोवऱ्यात "हे आता कधीच थांबणार नाही" हा विचार सतत घोळत राहतो. तो विचार किती घट्ट बसला आहे हे मोजणारी तेरा प्रश्नांची मोजपट्टी १९९५ सालापासून उपलब्ध आहे. दुखत असतानाही आपण काय करू शकतो यावरचा विश्वास मोजणारीही आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते, कारण ती माणसात उरलेलं बळ शोधते. नैराश्याने दुखणं वाढतं आणि दुखण्याने नैराश्य, ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. एकच बाजू तपासणारा उपचार अर्धाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आणली, तिच्यात दीर्घकालीन दुखण्याला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळालं. काही प्रकारांत ते दुसऱ्या रोगाचं लक्षण न धरता स्वतःच एक आजार मानलं आहे. त्याची तीव्रता नोंदवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवण्याची सोय आहे: दुखतं किती, त्याने मनाला त्रास किती होतो, आणि रोजच्या व्यवहारात अडथळा किती येतो. मी अकरा वर्षं जे सांगू पाहत होते ते या वर्गीकरणाने तीन ओळींत सांगितलं आहे. आपला केसपेपर अजून पहिल्याच ओळीवर थांबतो.

याच विचाराला सिसिली सॉंडर्स या ब्रिटिश डॉक्टरने साठच्या दशकात मरणासन्न रुग्णांची सेवा करताना समग्र वेदना असं नाव दिलं होतं. शरीराचं दुखणं, मनाचं, घरच्यांच्या काळजीचं आणि आयुष्याच्या अर्थाचं दुखणं, सगळं एकत्र. मुंबईच्या उपनगरातच, वांद्र्याला, १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं. मरणासन्न रुग्णांसाठीची ही देशातली पहिली शुश्रूषा संस्था. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यावर माणसाचं दुखणं असं चहूबाजूंनी पाहायचं असतं, हे या शहराने तेव्हाच मान्य केलं. मरणाऱ्याला जो न्याय दिला तो दुखत दुखत तीस वर्षं जगणाऱ्याला का नाही, हा माझा प्रश्न आहे.

या मोजणीतून सर्वांत जास्त वगळल्या जातात त्या बायका. कामाला दांडी पडली की पुरुषाचं दुखणं निदान रजेच्या अर्जात तरी नोंदलं जातं. घरातल्या बाईच्या कामाला रजाच नाही, मग दुखण्याची नोंद होणार कुठे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ती २९९ मिनिटं ओणवं होऊन, उभं राहून, उचलून-ठेवून केलेल्या कामाची आहेत. "घरीच तर असता" असं म्हणून डॉक्टर जेव्हा विश्रांतीचा सल्ला देतात, तेव्हा ही मिनिटं त्यांच्या डोळ्यांआड झालेली असतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं तर दुहेरी आहे: लोकांची फरशी पुसून झाली की स्वतःच्या घरची उरतेच. तिला आकडा विचारला तर ती "थोडंसं" म्हणते. सहन करण्याला आपण इतकं मोठं केलं आहे की, सांगणं तिला लाजिरवाणं वाटतं. पण "कोणतं काम आता मुलीकडून करून घेता?" असं विचारलं तर ती खरं सांगेल, कारण ते दुखण्याबद्दलचं बोलणं नसून कामाबद्दलचं आहे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की, हे सारं रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून आहे. लोक खोटं सांगतील. काही सांगतीलही. पण चष्म्याच्या दुकानात काय होतं? "हे स्पष्ट दिसतं की ते?" असं विचारत नंबर पक्का केला जातो, आणि आपल्या शब्दावर काच घासली जाते. ऐकू येण्याची तपासणीही आवाज ऐकू आला की खूण करायला सांगूनच होते. नैराश्याचं निदानही प्रश्नोत्तरांवरच उभं आहे. तिथे आपण माणसाचा शब्द पुरावा मानतो आणि दुखण्यापाशी आल्यावरच पोलिसासारखे वागतो. शिवाय खोटं बोलणाऱ्याला एक आकडा फुगवणं सोपं जातं. झोप, प्रवास, बसणं, उठणं, मन यांची दहा उत्तरं दर तीन महिन्यांनी एकमेकांशी जुळती ठेवणं फार अवघड. म्हणजे लबाडी पकडायची असली तरी सविस्तर मापच उपयोगी आहे. आणि दहा खोट्यांच्या भीतीने शंभर खऱ्यांना नाटकी ठरवणं याला काटेकोरपणा म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप वेळेचा. पालिकेच्या रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात एका माणसाला दोन-तीन मिनिटंही मिळत नाहीत, तिथे प्रश्नावल्या कोण भरणार? हे खरं आहे. यासाठी २००९ साली तीनच प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्याच्या आनंदात त्याने किती अडथळा आणला, रोजच्या कामांत किती. रांगेत बसलेल्या माणसाला नर्स किंवा आरोग्यसेविका हे तीन प्रश्न विचारू शकते. डॉक्टरांसमोर जाईपर्यंत तीन ओळी तयार असतात, आणि त्यांचाच वेळ वाचतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेने हेच केलं आणि ती फसली. नव्वदच्या दशकात तिथे नाडी, रक्तदाब, ताप, श्वास यांच्या जोडीला दुखणं हे पाचवं चिन्ह म्हणून प्रत्येक रुग्णाचं नोंदवावं अशी मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण नोंदवला गेला तो पुन्हा शून्य ते दहाचा आकडाच. आकडा खाली आणणं हेच उपचाराचं यश ठरलं, आकडा सर्वांत लवकर खाली आणणाऱ्या अफूजन्य गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या, त्यात औषध कंपन्यांचा लोभ मिसळला, आणि पुढच्या दोन दशकांत अशा औषधांनी लाखो माणसं गेली. या अनुभवातून अनेक जण दुखणं मोजूच नये असा निष्कर्ष काढतात. मी उलटा काढते. मोजणीची चूक तीव्रता एवढंच मोजण्यात होती. गोळीने गुंगी येऊन आकडा सातावरून तिनावर आला, पण माणूस कामावर जाईना, मुलांशी बोलेना, तर आयुष्य मोजणाऱ्या मापाने हा उपचार फसला असं पहिल्याच महिन्यात ओरडून सांगितलं असतं. व्यवहारातला अडथळा मोजणं हे गोळ्यांपासूनचं संरक्षण आहे.

मापाचा प्रश्न दवाखान्याच्या दारात संपत नाही, कारण आपल्या देशात हक्क मापावर मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची रेघ आखली. दीर्घकालीन दुखणं त्या २१ मध्ये नाही. सांधा किती वळतो, स्नायूत ताकद किती, यावरून मुख्यतः चलनवलनाचं अपंगत्व काढलं जातं. वळवताना किती दुखतं याला त्यात फार थोडं वजन आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा याहून जुना; तो २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४ टक्के, असा बोटाबोटाचा हिशेब होता. पण अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात वर्षानुवर्षं मान खाली घालून हिरे जडवणाऱ्या कारागिराची मान कायमची धरली, तर तिच्यासाठी त्या यादीत ओळ नव्हती, कारण मान जागच्या जागी आहे. जे तुटलं ते दिसतं. जे दुखतं ते दिसत नाही, म्हणून ते गेलं नाही असं धरलं जातं. अपंगत्वाचा दाखला नसल्यामुळे लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात अशा माणसाला चढता येत नाही, आणि धडधाकट दिसतो म्हणून साध्या डब्यात त्याला कुणी उठून जागा देत नाही.

दुखणं सांगणाऱ्या प्रत्येकाला दाखला द्या, असं माझं म्हणणं नाही. तशाने खरोखर हातपाय गमावलेल्यांच्या तुटपुंज्या जागाही जातील. माझं म्हणणं इतकंच की, टक्के काढताना माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो याला अधिक वजन द्या, आणि ते एका दिवसात न ठरवता वर्षभराच्या नोंदींवरून ठरवा. त्यासाठी आधी नोंदी असायला हव्यात. म्हणून पहिलं पाऊल रुग्णालयांचं आहे. राजावाडी, कूपर, भगवती यांसारख्या उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत, तीन महिन्यांहून अधिक काळ दुखण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर वर सांगितलेले ते तीन प्रश्न मराठीत छापले जावेत. उत्तरं दर भेटीला नोंदवली जावीत. ज्यांचं मन फार खचलेलं दिसेल त्यांची गाठ मानसोपचार विभागाशी घालून द्यावी. याला नवी इमारत किंवा नवं यंत्र लागत नाही.

आणि दुसरं पाऊल घरांचं. माझी थोरली बहीण बोरिवलीला राहते. तिचे गुडघे माझ्या कमरेहून जुने. दर रविवारी फोनवर मी विचारायची, "ताई, गुडघे कसे आहेत?" ती म्हणायची, "चाललंय." वर्षानुवर्षं हेच. या लेखाचा विचार डोक्यात असताना गेल्या महिन्यात मी वेगळं विचारलं, "ताई, गुडघ्यांपायी काय काय सोडलंस गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकेक सांगितलं. नॅशनल पार्कातलं सकाळचं फिरणं चार वर्षांपूर्वी सुटलं. दादरच्या नाटकाला जाणं सुटलं, मध्ये जिने आहेत म्हणून. देवापुढे खाली बसणं सुटलं. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणं सुटलं. लिफ्ट सारखी बंद असते, आणि सारखं तिलाच खाली बोलावणं बरं दिसत नाही. शेवटी म्हणाली, "आणि तुझ्याकडे मुलुंडला येणं." ती दोन वर्षांत आली नव्हती. मी मनात ते रुसणं समजून बसले होते.

तिच्या गुडघ्यांचा आकडा मला आजही माहीत नाही. पण त्यांनी काय नेलं ते आता माहीत आहे, आणि त्यातलं काही परत आणता येण्यासारखं आहे. पुढच्या रविवारी मी बोरिवलीला गेले.

तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत असं वर्षानुवर्षं दुखणारं माणूस असेलच. त्याला किती दुखतं ते विचारू नका. त्याने काय काय सोडलं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.